आईची शेवटची घोषणा

३ जानेवारी
शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट ठरला! डिजिटल मीडियाच्या आमच्या वर्गात बाकीचे कॅफे, कुत्री आणि स्वतःवर फिल्म करतायत. मी आईवर करणार. आई बसस्थानकावर घोषणा करते. काचेच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते सांगते. मी जन्मायच्या आधीपासून. आता तिथे मशीन येतंय, त्यामुळे महिनाअखेर तिची नोकरी संपणार. वाईट वाटलं. पण विषय जबरदस्त आहे.
उद्यापासून रोज शूटिंग.

९ जानेवारी
रोज शूटिंग हा बालिश विचार होता. आधी व्हिजन हवं. सध्या टायटलचा फॉन्ट बघतोय.
वर्गातला एक जण साउंड बघणार आहे. गळ्यात कायम हेडफोन, म्हणून सगळे त्याला हेडफोनच म्हणतात. त्याचं म्हणणं, फिल्म आवाजावर आहे तर आधी आवाज रेकॉर्ड करू. त्याला समजावलं की सिनेमा हे दृश्य माध्यम आहे. त्याने मान हलवली. पटलं असावं.

१४ जानेवारी
आईची पहिली मुलाखत. स्वयंपाकघरात. विचारलं, मशीन येणार म्हटल्यावर काय वाटतं? ती भाजी चिरत म्हणाली, काय वाटायचंय. हेच जरा डोळ्यांत पाणी आणून म्हण, अशी विनंती केली. ती म्हणाली, बाजूला हो, फोडणी करपेल.
पात्र अजून मोकळं झालेलं नाही.
बाबा म्हणाले, तिला जरा तिच्या तिच्यात राहू दे. बाबांना डॉक्युमेंटरीतलं काही कळत नाही.

१९ जानेवारी
आई घरात फारशी बोलत नाही हल्ली. जेवतानाही हो-नाही एवढंच. आवाज राखून ठेवत असणार. फिल्मच्या दृष्टीने उत्तमच.

२२ जानेवारी
टीझर टाकला. त्यात बस, पावलं आणि माझं नाव. आई अजून शूट व्हायचीय, म्हणून ती नाही. निम्मे व्ह्यूज माझेच असावेत, पण ते कोणाला कळणार?

२७ जानेवारी
हेडफोनशी वाजलं. तो म्हणाला, शेवटच्या दिवशी मी येतो, तू कॅमेरा बघ, मी आवाज बघतो. मी म्हटलं, केबिन एवढीशी, तिथे दोन माणसं मावायची नाहीत. तो म्हणाला, मग मी बाहेर उभा राहतो. मग मला स्पष्टच सांगावं लागलं की दिग्दर्शक एकच असतो. जाताना स्वतःचा कॉलर माइक माझ्या बॅगेवर ठेवून गेला. वर सूचना: आधी टेस्ट कर. हा काय मला शिकवणार!

३१ जानेवारी
आजचा शॉट म्हणजे करिअरचा शॉट. केबिनमध्ये गाड्यांच्या वेळा बघणारा कंट्रोलर, सफाईवाल्या मावशी आणि दोन ड्रायव्हर दाटीवाटीने उभे. आईने शेवटची गाडी सांगितली. मग माइक बंद न करता बोलतच राहिली. बराच वेळ. बाहेर लोक थांबले. गाड्यांतले ड्रायव्हर खाली उतरले. कंट्रोलरने चष्मा काढून डोळे पुसले, तेही मी टिपलं. पण खरी कमाल पुढेच. काचेपलीकडे उभी बस आणि काचेत आईचा चेहरा, दोन्ही एका फ्रेममध्ये! फोकस सुईसारखा.
बोलून झाल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली, कॅमेऱ्यात बघू नकोस.

१ फेब्रुवारी
आवाज नाही.
अख्ख्या फुटेजला नाही. हिरवा दिवा लागला म्हणजे माइक चालू, असं कुणालाही वाटेल. तो बॅटरीचा दिवा निघाला. कॅमेऱ्याचा माइक मीच बंद केला होता, कारण आईला हेडफोनचा तो कॉलर माइक लावलेला. हेडफोन आला असता तर ही वेळ आली नसती. लोक जबाबदारी घेत नाहीत.

२ फेब्रुवारी
सोपं आहे. घरीच रेकॉर्ड करू. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, परवाचंच सगळं एकदा म्हण, जास्त वेळ नाही लागणार. ती म्हणाली, ते झालं आता. मी म्हटलं, नुसते शब्द. ती म्हणाली, मी तिथून उठून आलेय. उरलेल्या घड्या बाबांनी घातल्या.

८ फेब्रुवारी
तोडगा सापडला. मौन! फिल्म पूर्ण निःशब्द. संकल्पनेची नोंद लिहिली: 'यंत्रयुगात हरवलेल्या आवाजाचं दृश्यरूप'. खरं तर पहिल्यापासून माझ्या मनात हेच होतं. आवाज असता तर फिल्म बिघडली असती.

२० फेब्रुवारी
स्क्रीनिंग. आई ठेवणीतले कपडे घालून आली. सोबत कंट्रोलर आणि ते दोन ड्रायव्हर. तिने स्टँडवर सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे. पहिल्या रांगेत बसले.
पडद्यावर आईचे ओठ हलत होते. एक ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, अहो, आवाज वाढवा की. कोणी हललं नाही. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा आई त्याला हळूच म्हणाली, ते तसंच आहे, त्याने मुद्दाम केलंय.
बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, धाडसी. आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी विचारलं, हे आधीपासून ठरलं होतं? म्हटलं, पहिल्या दिवसापासून. हेडफोन बुटांच्या लेस बघत होता. पैकीच्या पैकी मिळतील असं दिसतंय.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
घरी आल्यावर आईला विचारलं, कशी वाटली? म्हणाली, चेहरा छान आलाय.
मग सहज विचारलं, एवढा वेळ काय बोलत होतीस गं? सगळे रडत होते म्हणून विचारतोय.
म्हणाली, तुझ्याबद्दलच तर बोलत होते. तू समोरच उभा होतास ना?
आत गेली.
मी आठवत बसलोय. फोकस आठवतो.