मूराच्या जेवणात मीठ घालू नये याबद्दल

मी, वेतुरिया स्कार्लात, वय चौऱ्याहत्तर, राहणार ब्राइला, जुन्या बंदरामागच्या सामाईक अंगणातले डाव्या हाताचे घर, हे सर्व स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. सप्टेंबरात डॉक्टरांनी ते उघडले, आत पाहिले आणि काही न करता पुन्हा शिवून टाकले. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट जो तो म्हणतो, एवढी घाई कशाला. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी बरीच केली, बहुतेक रागाच्या भरात. ती सर्व रद्द समजावीत.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावले आहे. जन्मभर मी माणसांसमोर बोलले. शेवटचे बोलणे भिंतीला ऐकवणार नाही.

१. घर माझा मुलगा लिव्हिउ याला, जो स्पेनमध्ये सारागोसाला राहतो. विकायचे असल्यास त्याने खुशाल विकावे. मात्र आमची कुत्री मूरा जिवंत असेपर्यंत घर तसेच राहावे आणि मागच्या दाराची पायरी बदलू नये. ती बुटकी पायरी मी तिच्यासाठीच घालून घेतली आहे. उंच पायरीवर तिला धाप लागते.

२. पुस्तके बंदराच्या शाळेला. सुमारे बाराशे भरतील. ज्यांच्या समासात मी लेखकाशी भांडले आहे ती वेगळी काढू नयेत. मुलांनी पुस्तक वाचावे आणि भांडणही वाचावे.

३. रबरी हातमोज्यांची एक जोडी कपाटाच्या वरच्या खणात आहे. ती माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी. मी एकोणतीस वर्षे मासे खारवण्याच्या कारखान्यात होते. मिठाने आम्हा बायकांची बोटे फुटायची आणि फुटलेल्या बोटांत पुन्हा मीठ जायचे. सत्त्याऐंशी साली मी मिठाच्या पिंपावर चढले आणि साहेबांसमोर विचारले की जी माणसे देशाला जेवू घालतात त्यांचे हात कोणाच्या मालकीचे आहेत. त्या काळी, एकाच पक्षाच्या राज्यात, असे विचारणे म्हणजे काय होते, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. मला दोन वर्षे बर्फाच्या कोठीत कामाला टाकले. पण हातमोजे आले. सत्तर जोड्या. माझ्या बोलण्याने जगात एवढे एकच काम झाले, असे आज हिशेब करता दिसते.

४. माझे पती गेरासिम यांचा राखाडी कोट ज्याला बसेल त्याला द्यावा. देण्यापूर्वी उजवा खिसा झटकावा. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना मीठ बंद केले होते. मी दोन वर्षे अळणी सूप रांधले, आणि ते दोन वर्षे खिशातून मिठाची पुडी काढून माझी पाठ वळली की त्यात टाकत राहिले. ते गेल्यावर कोट धुवायला घेतला तेव्हा मला कळले, आणि मग मी तो धुतलाच नाही. हजार माणसांना गप्प बसवणारी मी, एका टेबलावर एका माणसापुढे हरले होते. आणि हरल्याचे मला दोन वर्षे कळलेही नाही.

५. मूरा. ही गेरासिमची काळी कुत्री. वय अकरा, वजन नऊ किलो. तिच्याही हृदयाची झडप गळते. तिच्या वेळी मी हरले नाही, याचे कारण माझे वक्तृत्व नव्हे. कुत्रीला खिसा नसतो.

मी गेल्यावर तिला कोण सांभाळणार, हा या कागदावरचा एकमेव खरा प्रश्न आहे. बाकीची कलमे मी लिहिली नसती तरी चालले असते.

मी लिव्हिउला फोन केला. तो म्हणाला, "आई, आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोघंही दिवसभर कामावर. आणि एवढा प्रवास तिला झेपेल का, ते विचार ना डॉक्टरांना." मी विचारले. झेपणार नाही, असे मूराच्या डॉक्टर म्हणाल्या. मुलगा बरोबर बोलला. मला रागावायलाही जागा उरली नाही.

मग मी तिच्या डॉक्टर रुक्सांद्रा स्त्रोए यांनाच विनवले. एक दिवस तिला त्यांच्या दवाखान्यात ठेवून पाहिले. ती दिवसभर दाराकडे तोंड करून रडली, एक घास खाल्ला नाही, आणि श्वास मिनिटाला पन्नासवर गेला. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, औषध देईन, सुई देईन. पण इथे पिंजरे आहेत हो. पिंजऱ्यात हे हृदय आठवडाभरसुद्धा टिकणार नाही."

उरली परास्किवा मोकानू. अंगणातले उजव्या हाताचे घर, चाळीस वर्षांची शेजारीण. मूरा आपणहून तिच्या उंबऱ्यावर जाऊन झोपते. मूराला ती माझ्यापेक्षा जास्त आवडते, आणि त्याचे कारण तिच्या हाताला येणाऱ्या खाऱ्या चीजच्या वासात आहे.

तिच्याशी झालेले बोलणे मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की वेतुरियाने नीट समजावले नाही.

मी म्हटले, "किवा, तिला मीठ चालत नाही. फुप्फुसात पाणी भरतं."

"अगं, तुझा तो चिकट भात बघून मलाच रडू येतं. देवाने तिला जीभ कशाला दिली?"

"मरेल ती."

"सगळेच मरतात, वेतुरिया. तोंडाला चव नसताना तरी कोणी मरू नये."

मी तिला हृदयाचे चित्र काढून दाखवले. आवाज चढवला. पुस्तक उघडून वाचून दाखवले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सेहेचाळीसच्या दुष्काळात माझा धाकटा भाऊ गेला. शेवटच्या दिवशी आईने त्याला उकडलेलं गवत भरवलं. घरात मिठाचा खडासुद्धा नव्हता. त्याने तोंड वाकडं केलं, आणि तसाच गेला. मी सहा वर्षांची होते, बघत होते. तुझं पुस्तक खरं असेल. पण अळणी घास माझ्या हाताने कोणाच्या तोंडात जाणार नाही."

मी पुस्तक मिटले. मी आजवर सभांत मंत्र्यांना उत्तरे दिली आहेत.

तरीही मूरा परास्किवा मोकानू हिला द्यावी. दुसरे कोणी नाही. माझी बँकेतली शिल्लक डॉ. स्त्रोए यांच्याकडे जावी आणि त्यांनी त्यातून मूराची औषधे व टर्कीचे मांस आणावे.

६. निळे इनॅमलचे पातेले आणि मुठीवर खाच असलेला लाकडी डाव परास्किवाला. या दोन वस्तूंना कधीही मीठ लागलेले नाही. पुढेही लागू नये. रविवारी आणि बुधवारी स्वयंपाक करावा. टर्कीचे साधे मांस, मिठाच्या पाण्यात मुरवून विकतात ते नव्हे. तांदूळ, गाजर, लाल भोपळा. सगळे मऊ शिजवून बोटांनी कुस्करावे. अन्न गार झाल्यावर डॉक्टरांनी दिलेली पूड त्यात मिसळावी. कांदा नाही, लसूण नाही, सूपच्या वड्या नाहीत. पाव नाही, कारण पावात मीठ असते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, भोपळ्याच्या गोळ्यात लपवून. चीजमध्ये लपवून नव्हे, किवा. चीजमध्ये नव्हे. ती झोपली की तिच्या छातीकडे पाहून एक मिनिट श्वास मोजावेत. तीसच्या वर गेले तर डॉक्टरांना फोन.

७. माझ्या दफनाच्या वेळी भाषणे होऊ नयेत. कारण सांगते.

गेरासिमच्या चाळिसाव्या दिवशी याच अंगणात त्यांच्या नावाचे जेवण होते. मी उभी राहिले आणि त्यांच्याविषयी अर्धा तास बोलले. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले भाषण ते असावे. बायका रडल्या, बंदरावरचे म्हातारे टोप्या काढून बसले. आणि तेवढ्या अर्ध्या तासात टेबलाखाली प्रत्येक हात मूराला काही ना काही देत होता. खारवलेल्या कोबीच्या पानात गुंडाळलेले मांसाचे सार्माले, सॉसेज, चीज. आपल्याकडे मेलेल्याच्या नावाने दिलेला घास मेलेल्याला पोचतो असे मानतात. मूरा गेरासिमची कुत्री होती. तिला दिले म्हणजे त्यांनाच दिले, असे प्रत्येकाने मनात धरले, आणि प्रेमाने दिले. मी बोलत होते म्हणून मला दिसले नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडातून गुलाबी फेस आला. दोन दिवस ती प्राणवायूच्या पेटीत होती.

त्यात सर्वांत जास्त परास्किवाने दिले होते. मी तिला माफ केलेले नाही. मी स्वतःलाही केलेले नाही. दोन्ही वाद माझ्याबरोबर पुरावेत.

८. आता माझ्या जेवणाविषयी. तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी हेच लोक याच टेबलाशी बसतील आणि मूरा खाली असेल. तिला दूर कोंडून ठेवता येत नाही, दवाखान्यात काय झाले ते वर लिहिले आहे. म्हणून माझ्या नावाच्या प्रत्येक जेवणात कोणत्याही पदार्थात मीठ असू नये. सूपमध्ये नाही, मांसात नाही. कोबी खारवलेला नव्हे, ताजा घ्यावा. चीज टेबलावर नको. ज्यांना माझ्याविषयी प्रेम आहे त्यांनी एक दिवस मूराचे जेवण जेवून दाखवावे. बसा, खा, आणि तोंड वाकडे करा. मला चालेल.

मला कल्पना आहे की कोणीतरी खिशात पुडी घेऊन येईल. गेरासिमचे मित्र अजून जिवंत आहेत. त्यांपैकी एक, मिहू ग्रिगोराश, आत्ता साक्षीदार म्हणून समोर बसला आहे. हे कलम मी त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "सही करतो, वेतुरिया. पण अळणी सार्माले मी तुझ्यासाठीसुद्धा खाणार नाही."

९. शेवटचे कलम परास्किवासाठी, कारण माझा कोलिवा तीच रांधणार. मृतांसाठीचे गोड गहू तिच्यासारखे या गल्लीत कोणाला जमत नाहीत. किवा, गहू शिजले की, त्यात साखर, अक्रोड, काहीही घालण्याआधी, एक मूठ बाजूला काढ. ते गार कर आणि मूराला दे. माझे नाव घेऊन दे. ते मला पोचले असे मी इथे लिहून देते, म्हणजे तुला आणखी काही द्यावेसे वाटणार नाही. तुझ्या भावाला जे मिळाले नाही त्याची भरपाई माझ्या कुत्रीकडून होणार नाही, किवा. हे मी ओरडून सांगितले होते. आता हळू आवाजात सांगते आहे. विनंती समजावी.

याउपर माझे म्हणणे नाही. मला आठवते तेव्हापासून हे वाक्य मी पहिल्यांदाच वापरत आहे.

ब्राइला, सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९

(सही) वेतुरिया स्कार्लात

साक्षीदार:
(सही) रुक्सांद्रा स्त्रोए, पशुवैद्य
(सही) मिहू ग्रिगोराश, निवृत्त टगबोट चालक. कलम ८ शी असहमत.

ताजा कलम, त्याच दिवशी, माझ्याच हाताने:

आज परास्किवाच्या नावाच्या संतिणीचा दिवस, म्हणजे तिचा नामदिवस. साक्षीदार सह्या करत असताना ती गरम चीज-पायची थाळी घेऊन मागच्या दाराने आली. नामदिवशी आलेल्या बाईला दारातून परत पाठवता येत नाही. मी स्वयंपाकघरात गेले. मूरा ओठ चाटत होती. परास्किवाचा हात पाठीमागे होता.

"काय दिलंस?"

"काही नाही गं. एवढासा तुकडा. माझ्या नावाचा."

डॉक्टर आत येऊन मूराच्या छातीला कान लावून बसल्या आहेत. मी टेबलाशी परत आले आणि हा कागद पुन्हा पुढे ओढला. कलम ५ मधले नाव खोडण्यासाठी पेन टेकवले. त्या जागी लिहायला दुसरे नाव नाही.

कलम ५ आहे तसेच राहील.

(सही) वेतुरिया स्कार्लात