बारा वर्षांचा भरवसा

मु. एकंबा, ता. औराद
फसली १३४५

तीर्थस्वरूप दाजी,
तुमच्या पायांवर अंकुशनं लांबूनच डोकं ठेवलंय, ते उचलून आशीर्वाद द्यावा. गुडघा कसा हाय? अक्काचा खोकला गेला का? इकडं सगळे खुशाल, मी सोडून.

झालं असं. औरादचा बाजार उरकला की भर उन्हात गाडीत आडवं व्हायचं अन् बैलांनी घरी आणायचं, हे बारा वर्षं चालू हाय (तुम्हीही असेच झोपता, अक्कानं सांगितलंय). गेल्या बाजारीही झोपलो. तिन्हीसांजेला जाग आली तर परकं अंगण, अंगावर परकी वाकळ, अन् बैल सुटून निवांत कडबा खायलेत. घर निघालं कुशनूरच्या किशनरावांचं. जोडीतला एक बैल थकला म्हणून महिन्यापूर्वी त्यांचाच खोंड घेतला होता (सौदा रिवाजाप्रमाणं उपरण्याखाली, न बोलता बोटं दाबून). तो बिचारा आपल्या घरी गेला. दुसरा बैल म्हातारा, त्यानं वाद घातला न्हाई. शरमेनं माझ्या तोंडून शब्द फुटंना. हात जोडले, गाडी जुंपली अन् निघालो.

घरी कारभारणीनं, शकूनं, जबानी घेतली. कामून झोपलात? म्हटलं, बारा वर्षांचा भरवसा. म्हणे, मागं झालं ते पुढं होतंच, हे कुणी सांगितलं? म्हटलं, आजवर तसंच होत आलंय की. तर म्हणे, म्हणजे गवाह खरा का, हे गवाहालाच विचारायलाव. दाजी, तीन दिवस हेच घोळवत बैलांमागं फिरलो. शेवटी मीच विचारलं, मग माणसानं भरवसा ठेवायचा कशावर? चुलीपुढूनच म्हणाली, पेरलं की उगवतंच असं न्हाई, पण न पेरता कुणाचं उगवलंय? (हे काही उत्तर न्हाई, पण भाकरी खाताना पटलं.)

आपल्या लेकीला, राजूला, सात स्थळांनी नाकारलं. पाहुणे म्हटलं की तिचं तोंड उतरतं, ते मला बघवत न्हाई. आठवंही नाकारणार, असं मी धरूनच चाललो होतो. आता म्हणतो, बारा वर्षांचा भरवसा चुकतो, तर सात नकार कामून चुकू नयेत? अन् आठवं स्थळ कुणाचं, तर किशनरावांच्या थोरल्याचं. त्यांनी आपणहून निरोप धाडलाय. शुक्रवारी पोरगी बघायला येणार.

तुमचा,
अंकुश

ता. क. तुम्ही गुरुवारीच या. आजवर मी बोलावलं अन् तुम्ही आला न्हाईत, असं कधी झालं न्हाई. (हे वाचून शकू हसायलीय.) वाटेत गाडीत झोपू नका.

आणखी ता. क. खरं काम असं की पाहुण्यांशी तुम्हीच बोलायचं. शकू म्हणते, सातही वेळा मी बोललो अन् सातही वेळा नकार आला. किशनरावांचा निरोप हाय की एवढा शांत सोयरा शोधूनही सापडायचा न्हाई. त्यांनी माझा आवाज अजून ऐकलेला न्हाई.