कोरड्या सूटचं माप

आप्पा,

तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला कपड्याबद्दल विचारायला बसलोय. आपण घरात असं शाळेच्या भाषेत कधी बोललो नाही, पण लिहायला घेतलं की हात त्याच भाषेत चालतो, तेवढं चालवून घ्या. तुमच्यामागे मी जाळी सोडली. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं रीतसर शिकलो आणि आता जिल्ह्याच्या शोधपथकात आहे. तापीत किंवा नर्मदेच्या धरणाच्या बुडितात कोणी गेलं की आम्हाला बोलावतात. जिवंत माणसासाठी अजून कधी बोलावलेलं नाही. आता पथकासाठी एक कोरडा सूट घ्यायचं ठरलंय. साहेबांनी यादी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, पाण्यात तुम्ही जाता, तुम्हीच निवडा. उद्या कागद द्यायचाय. आठ दिवस झाले, माझ्याच्यानं निवडवत नाही.

तुम्ही हसाल. आमचा कारकून तर हसलाच. "आठे उनमा जीव चालना, आनि तुले थंडीना सूट पाह्यजे?" त्याला काय सांगायचं? आमच्याकडचा साधा रबरी सूट पाणी आत घेतो. ते पाणी अंगाच्या उबेनं तापतं म्हणे, पण खोलात सूट चेपला जातो आणि ऊब कुठल्या कुठे जाते. कोरड्या सूटमध्ये पाणी शिरतच नाही. बूट त्यालाच जोडलेले, मान आणि मनगटं रबरानं आवळलेली, खांद्यावरची चेन दुसऱ्या कोणी लावून द्यायची. आत लोकरी कपडे घालायचे आणि छातीवरचं बटण दाबून थोडी हवा भरायची. यात दोन जाती. एक पातळ कापडाचा, हलका, हातपाय मोकळे राहतात. दुसरा जाड, फुगीर रबराचा, अंगावर ओझं, पण स्वतःची ऊब असलेला. विकणारा पुण्याचा. फोनवर त्यानं विचारलं, "सर, तुमच्याकडे बर्फ पडतो का?" मी म्हटलं, नाही, पण पाण्याखाली झाडं उभी आहेत. बुडितात सागाची आणि मोहाची अख्खी झाडं अजून उभी आहेत, आप्पा, आणि त्यांच्या फांद्यांत पातळ कापड टिकणार नाही. ही झाडं माझ्याआधी तुम्ही पाहिलीत.

तो दिवस तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला सांगायचाय. पौष चालू आहे. तालुक्याहून जीप आलीय, कारण डोंगरातल्या एका पाड्याचा तरुण मासे धरताना होडीतून पडलाय आणि तापीकाठचा एक भोई बुडालेलं माणूस शोधून काढतो ही तुमची ख्याती तिथवर गेलीय. मोलगीच्या पुढे आपण पायी बुडिताकडे उतरतो. त्या तरुणाची म्हातारी आई खडकावर बसलीय. तुम्ही अंगाला तिळाचं तेल चोळता, गुळाचा खडा तोंडात टाकता, कमरेला दोर बांधता आणि दुसरं टोक माझ्या हातात देता. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ. मी चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, घरी पाळण्यात लेकरू असलेला बाप्या. पोहायला तुम्हीच शिकवलेलं. दुसऱ्या बुडीनंतर तुम्ही वर आलात तेव्हा तुमचे ओठ निळे पडले होते. म्हातारीनं उठून स्वतःची घोंगडी तुमच्या खांद्यावर टाकली. मी म्हटलं, "आप्पा, आते बस. लई गार शे पानी."

"गार कोनले नही लागत?" तुम्ही म्हणालात. "त्यानी माय तठे बठेल शे."

घोंगडी तिला परत दिलीत आणि उतरलात. दोर ताठ झाला, मग सैल पडला. झटका आलाच नाही. मी ओढला तर नुसताच दोर हातात आला. तुटलेला नव्हता, तुमच्या हातानं गाठ सोडलेली होती. झाडांत अडकला म्हणून सोडलात की काही हाताला लागलं म्हणून, ते मला कधीच कळणार नाही. माणसं ओरडत होती. मी चपला काढल्या आणि पाण्यात गेलो. घोट्यापर्यंत. थंडी नडगीत चढली आणि मी मागे फिरलो. बस, एवढंच. डोंगरातले दोघे, तुमच्या ना ओळखीचे ना नात्याचे, पुन्हा पुन्हा उड्या मारत राहिले, पार लटपटेपर्यंत. मी दोर गुंडाळत उभा होतो. मग ती म्हातारी आली, तिनं तीच घोंगडी माझ्याभोवती लपेटली आणि भिजलेल्याला चोळतात तशी माझी पाठ चोळू लागली. तिच्या बोलीतलं मला काही समजलं नाही. मी कोरडा ठणठणीत होतो.

तिचा मुलगा तिसऱ्या दिवशी आपणहून वर आला. तुम्ही आला नाहीत.

शिकून आल्यापासून दर पौषात मी तिथे जातो. सरावाचं कारण सांगून सोबत्यांना नेतो. खाली पिठासारखा गाळ, स्वतःचा हात दिसत नाही, झाडं चाचपत जायचं. वीस मिनिटांत मी कुडकुडायला लागतो, वर येतो आणि म्हणतो, थंडी फार. थंडीशी कोणी वाद घालत नाही. इतकी वर्षं त्या थंडीनंच माझी अब्रू झाकलीय. आता हा सूट आला की तासभर खाली राहता येईल. मग वर येऊन काय सांगू? तिथे तुमचं काही उरलेलं नाही. एवढी माणसं मी पाण्यातून काढलीत, पाणी काय करतं ते मला कळतं. सापडण्याची आशा केव्हाच संपली, आप्पा. सापडले नाहीत म्हणून सांगायला एक कारण तेवढं होतं, तेही आता मीच यादीत खूण करून घालवायचंय.

काल तुमची सून टेप घेऊन माप घेत होती. मान साडेपंधरा इंच भरली. "सैल सांगू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सैल झाली तर पाणी शिरतं, घट्ट झाली तर घेरी येते. "मंग बराबर कितली?" ती वैतागली. मग कागदावर आकडा लिहिता लिहिता म्हणाली, "म्हंजे आते तुम्ही कोरडा घर येशात. बरं व्हयनं." मी उठून बाहेर गेलो. जाड सूटपुढे खूण केलीय. हे पत्र मात्र त्या कागदासोबत जायचं नाही, आणि दुसरीकडे कुठे जायला त्याला पत्ताही नाही.

एक राहिलं. त्या संध्याकाळी परतताना जीप मोलगीला थांबली, ड्रायव्हर चहा प्यायला गेला. बाजाराच्या मागे हापसा होता. मी हापसा मारायचो, पळत तोंडाखाली जाऊन उभा राहायचो, पाणी संपलं की पुन्हा हापसा मारायचो. डोक्यापासून पायापर्यंत भिजेस्तोवर. घरी पोचलो तेव्हा माय दारात होती. तिनं ओला शर्ट माझ्या अंगावरून काढला, पिळला आणि नाकाशी नेला. भोयाची बायको ती, जन्मभर नदीत भिजलेले कपडे धुतलेली. नदीच्या पाण्याला गाळाचा वास येतो, हापशाच्या पाण्याला कसलाच येत नाही. तिनं शर्ट पुन्हा एकदा नाकाशी नेला. मग तो दोरीवर टाकला आणि ओट्यावर जमलेल्या बायांना म्हणाली, "मन्हा पोऱ्या बापना मांगे पानीमा उतरना व्हता." मरेपर्यंत ती सगळ्यांना हेच सांगत राहिली.