फायबरचं बॉनेट वाजत नाही

आबा, तुमच्या गाडीचं बॉनेट बदललं. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जड जाणार नाही. आत्ता मी धुळ्याच्या बसस्टँडवर बसले आहे. जळगावची एक गाडी डोळ्यांदेखत सोडली आणि पुढचीही सोडणार आहे, कारण माझी लेक, तुमची नात, तुमची गाडी घेऊन एकटी साक्रीला गेली आहे आणि ती पोचल्याचा फोन आल्याशिवाय माझे पाय इथून हलायचे नाहीत. पर्समध्ये शाळेचे कोरे कागद होते, ते काढले. नुसतं बसलं की नको नको ते दिसतं. लिहायला घेतलं तर जरा कमी दिसेल असं वाटलं होतं, पण तसं काही होत नाहीये.

तुम्ही गेलात तेव्हा ही रांगत होती. आता जनावरांची डॉक्टर झाली आहे आणि साक्रीकडच्या डोंगराळ गावांमध्ये नेमणूक झाली आहे. मी म्हटलं, एखादी लहानशी नवी गाडी घे. तर म्हणाली, "आबांची आहे की." यावलला तुमच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी इतकी वर्षं उभी होती. विकायचा विषय निघाला की मीच मोडता घालायचे, त्याची फळं आता भोगते आहे. इंजिन मात्र फार त्रास न देता सुरू झालं. तुम्ही असतात तर मिशीत हसला असतात. पण शेडचं छप्पर नेमकं बॉनेटवर गळत होतं. पांढरा रंग फुगलेला, आणि बोट लावलं की पत्रा खाली. जळगाव पाहिलं, भुसावळचं भंगार पाहिलं, तसं बॉनेट कुठेच मिळेना. मग पोरीने दिल्लीकडून कुठूनसं फायबरचं मागवलं.

खोकं आलं ते दारातून आत येईना एवढं मोठं. आणि मी ते एका हाताने उचललं. आबा, जुनं बॉनेट काढताना तुम्ही एका बाजूने आणि माई दुसऱ्या बाजूने धरायची, तरी माईचा पदर घामाने भिजायचा. आणि हे एवढं हलकं, की वाऱ्याने सहज उडेल. पोरगी खूश. "बघ, किती सोपं!" म्हणाली. मी म्हटलं, हो, छान आहे. तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू, मला ते खोक्यात घालून परत पाठवायचं होतं.

ते बसवायला आम्ही जळगावला गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या एका डेंटरकडे गेलो. माझं काहीच काम नव्हतं, तरी रजा टाकून गेले. वर्गात मी एवढी खमकी, पोरं माझी चाहूल लागली की बाकावर ताठ होतात, आणि तिथे मी एका तेलकट स्टुलावर पर्स छातीशी धरून बसलेले. नवं बॉनेट जागेवर ठेवलं तर एका बाजूला कागदही शिरेना आणि दुसऱ्या बाजूला करंगळी सहज जाईल एवढी. डेंटरने कडा घासली. घासताना उडालेली भुकटी माझ्या हाताला लागली आणि दोन दिवस खाज जाईना. बिजागऱ्यांची भोकं जुळेनात, ती थोडी वाढवावी लागली. नट आवळताना तो खाली वायसरच्या रुंद चकत्या घालत होता, कारण फायबरवर जास्त जोर दिला तर ते तडकतं. "तडकतं?" मी स्टुलावरून उठलेच. तो हसायला लागला, आणि सगळं नीट आहे असं आपल्या अहिराणीत सांगू लागला. म्हणाला, "ताई, तुमी बठा ना. बठ्ठं बराबर शे. मी काय आज पहिल्यांदा बसाडी राहिनू का?"

सगळं बसवून झालं, त्याने बॉनेट खाली सोडलं, आणि ते हळूच आपोआप वर आलं. मी पाहिलं आबा, कुणी हात लावला नव्हता. बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा जुन्या जड पत्र्यासाठी होत्या, त्यांना हे वजन लागतच नव्हतं. त्याने स्प्रिंगा काढून टाकल्या आणि साधी टेकूची सळई लावली. मग दोन्ही तळवे ठेवून बॉनेट दाबलं. "बंद झालं," म्हणाला. मी कान देऊन उभी होते. काही वाजलं नाही. नुसतं धप्प, उशीवर हात मारावा तसं.

"वाजलं नाही," मी म्हणाले.

"फायबर शे ताई. ते वाजत नही."

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. तिला कसं सांगू, की आवाज आल्याशिवाय गाडीत बसायचं नाही हा आपल्या घरातला कायदा आहे?

तुमच्या दुकानात सगळा कारभार कानावरच चालायचा. शेतकरी विहिरीवरच्या जळक्या मोटारी घेऊन यायचे, तुम्ही तांब्याच्या तारेचे वेढे भरायचात, आणि मोटार सुरू केली की लांब पेचकसाचं टोक तिच्या अंगाला आणि मूठ आपल्या कानाला लावायचात. डोळे मिटलेले. शेतकरी श्वास रोखून उभा. मग तुम्ही म्हणायचात, "बेअरिंग बोलते अजून," आणि परत खोलायला घ्यायचात. गाडीचंही तसंच. बॉनेट हातभर उंचीवरून सोडायचं, आतला आकडा अडकला की खणखणीत खट् व्हायला पाहिजे, आणि तो ऐकायचं काम माझं. मी गाडीपुढे उभी राहायची. "वाजलं का वं माय?" तुम्ही आत बसता बसता विचारायचात. मी दोन्ही हात वर करून ओरडायची, "वाजलं!" यावलच्या त्या गल्लीत माझ्याइतकी महत्त्वाची मुलगी दुसरी नव्हती.

आणि तरीही ते उघडलं. तारेची रिळं आणायला आपण धुळ्याला गेलो होतो. परत येतो आहोत, पारोळा मागे पडलं आहे, मी पुढच्या सीटवर फ्रॉकमध्ये शेंगा घेऊन बसले आहे. निघताना ते खट् वाजलेलं आपण दोघांनी ऐकलं होतं. समोरून ट्रक येतो, त्याचा वारा गाडीवर आदळतो आणि समोरचं सगळं नाहीसं होतं. रस्ता नाही, झाडं नाहीत, आकाश नाही. काचेवर पांढरा पत्रा येऊन आपटला आहे आणि काचेत कोळ्याचं जाळं झालं आहे. तुम्ही ओरडत नाही. खिडकीतून मान बाहेर काढता, कमरेपर्यंत बाहेर झुकता, एका हाताने स्टिअरिंग धरून गाडी कडेला घेता. मागच्या गाडीचा हॉर्न वाजतच राहतो. गाडी निंबाखाली थांबते, माझ्या शेंगा खाली सांडलेल्या. मी "आबा" म्हणते. तुम्ही उत्तर देत नाही. तुमचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत आणि ते सुटत नाहीत. मी तुमची बोटं सोडवायला बघते, एकेक, आणि ती लाकडासारखी. वडील माणूस घाबरतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही उतरलात, डिकीतून केळी बांबूला बांधायची दोरी काढलीत आणि बॉनेट बंपरला बांधून टाकलंत. गाठ मारताना म्हणालात, "मायले सांगू नको. ती उगीच घोर लावून घिईन." काचेचं काय सांगायचं, मी विचारलं. "दगड उडाला." माईला आपण दगडच सांगितला. तिने दृष्ट काढली, तुमचीही आणि गाडीचीही.

त्यानंतर तुम्ही नवा आकडा बसवलात, पण मला पुढे बसवणं बंद केलंत. मी मागच्या सीटवर. आणि प्रत्येक वेळी, एरंडोल यायच्या थोडं अलीकडे, तुम्ही वळून विचारायचात, "झोपली का वं?" मी झोपलेली असले की गाडी थांबवायचात. उतरायचात, पुढे जायचात, दोन्ही तळव्यांनी बॉनेट दाबायचात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग तिथेच हात ठेवून जरा वेळ उभे राहायचात. मी जागी असले तर थांबायचा नाहीत, किंवा टायर बघायचा आहे असं म्हणून उतरायचात. हे मला कसं ठाऊक, ते शेवटी सांगते.

डेंटरने आणखी दोन पिना बसवून दिल्या. बॉनेटच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतून सळया वर येतात आणि त्यांच्या भोकात कडी अडकते. आतला आकडा सुटला तरी पिना धरतील, तो म्हणाला. पोरीला त्या शोभेच्या वाटतात. मी घरी येऊन ती कडी किती वेळा काढली-घातली ते विचारू नका. शेजारणीने विचारलं, गाडीला काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, पुसते आहे.

आज सकाळी निघालो. मी धुळ्यापर्यंत येते म्हटलं, आत्याकडे काम आहे. काही काम नाही हे तिलाही माहीत. तिने एकच अट घातली, "धुळ्याला उतरायचं. पुढे मला रोज एकटीलाच जायचंय." रस्ता आता चौपदरी झाला आहे आबा, तुम्ही ओळखणार नाहीत. ट्रक नाही, त्याच्या दुप्पट लांबीचं काहीतरी धावतं, आणि शेजारून गेलं की गाडी हलते. प्रत्येक वेळी मी बॉनेटकडे बघत होते. ते वाऱ्याने मधोमध किंचित थरथरतं. जुना पत्रा असा थरथरत नव्हता. मी हँडल एवढं घट्ट धरलं होतं की पोरगी म्हणाली, "आई, ते उपटून येईल."

पारोळ्याच्या आधी मला राहवेना. रस्त्याच्या कडेला एक हातगाडी दिसली. "थांबव," मी म्हणाले, "केळी घ्यायची आहेत."

ती हसून हसून स्टिअरिंगवर पडली. "केळीच्या यावलची बाई! पारोळ्याला! केळी विकत घेते!"

हसू दे. मी उतरले, डझनभर केळी घेतली, चांगली नव्हतीच, आणि येताना गाडीच्या पुढून आले. कड्या पाहिल्या. दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवून दाबलं. फायबर उन्हाने तापलं होतं. पुन्हा दाबलं. मग मान वर केली, तर पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. मला बरं वाटलं, तिने पाहिलं नाही म्हणून. दार उघडून बसले तेव्हा लक्षात आलं, मोबाइलचा पडदा काळाच होता. तिने गाडी सुरू केली आणि बराच वेळ हळू चालवली.

धुळ्याला उतरले तेव्हा काही सुचेना. पिशवीतली केळी तिच्या शेजारच्या सीटवर ठेवली. डिकी उघडून म्हटलं, दोरी आहे, असू दे. "कसली दोरी?" तिने विचारलं. म्हटलं, आबांची सवय होती. तिने दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डिकी लावली. मग सुरतेच्या रस्त्याला लागली. वळणावर पांढरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. तेव्हापासून इथे आहे. दर थोड्या वेळाने फोन बघते. प्रत्येक वेळी मला तोच पत्रा काचेवर आलेला दिसतो, फक्त आतली मुलगी आता माझी आहे, आणि मान बाहेर काढून गाडी कडेला घेणारं कुणी शेजारी नाही. मला फार भीती वाटते आहे आबा. इथे गर्दीत बसून मी मुलांसारखी नखं खाते आहे.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. घाईत उचलताना आधी तो कटच झाला. पुन्हा आला.

"आई, पोचले. गाडी मस्त चालली."

"मधे कुठे थांबलीस?"

"एकदाच. चहा प्यायला."

आबा, तुमची नात चहा पीत नाही. वासही सहन होत नाही तिला, लहानपणापासून. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "बरं केलंस. दमली असशील." ती म्हणाली, हो ना. आणि उद्या पहाटे एका पाड्यावर गाय आजारी आहे तिथे जायचंय, रस्ता कच्चा आहे, तेव्हा फोन लागला नाही तर घाबरू नकोस. मी म्हटलं, मी कशाला घाबरते.

जळगावची गाडी लागली आहे. हे कागद पर्समध्येच राहतील, ते कुठे टाकायचे हे मला कुणी सांगू शकणार नाही. पण शेवटी सांगते म्हटलं होतं, ते सांगून उठते. एरंडोलच्या अलीकडे तुम्ही वळून विचारायचात, "झोपली का वं?" आणि मी उत्तर द्यायची नाही, मान लवंडलेली, तोंड थोडं उघडं. तुम्हाला थांबता यावं म्हणून. मी झोपलेली नसायची, आबा.