बडी अम्मा हजर होत्या

अप्पा, ऑफिसात केबिनचं दार लावून बसले आहे आणि तुम्हाला लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला विचारावं ते सुचत नाही. आईला सांगितलं तर तिचं ब्लडप्रेशर वाढेल, आणि माझ्याबरोबरचे कंपनी सेक्रेटरी एकच सांगतील, जास्त विचार करू नकोस.

अंबरपेठच्या घरातली ती सकाळ आठवते. आई भाकऱ्या थापते आहे, मी पाटावर बसून कंपनी कायदा घोकते आहे आणि तुम्ही तोंडाला दाढीचा साबण लावून दारात उभे आहात. मला कंपनी सेक्रेटरी व्हायचं होतं, तुम्हाला मी तुमच्यासारखी वकील व्हायला हवी होते. आता भांडण जुंपणार म्हणून आईने गॅस बारीक केला. पण तुम्ही म्हणालात, "दोन्ही कर. एक पदवी नोकरी देईल, दुसरी ती नोकरी सोडायची हिंमत देईल." मग सकाळी लॉ कॉलेज, संध्याकाळी सीएसचे क्लास आणि दुपारी सुलतान बाजारातलं तुमचं ऑफिस. तिथे एकदा एका अशिलाने सांगितलं की वाटणीला त्याच्या आईची संमती आहे, आणि मी तसं लिहून टाकलं. तुम्ही मला ऑटोत घालून अफझलगंजला त्या म्हातारीकडे नेलंत. तिला वाटणीतलं ओ की ठो माहीत नव्हतं. परतताना तुम्ही एवढंच बोललात, "जो माणूस समोर नाही, त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत." मी रस्ताभर रडले आणि तुम्ही समजूत काढली नाहीत.

तुमच्या त्या हिंमतवाल्या पदवीचं काय झालं, सांगू? ही नोकरी लागली तेव्हा वकिलीची सनद स्थगित करून ठेवावी लागली, कारण पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. हा नियम तुम्हाला माहीत असणारच, मग तेव्हा का बोलला नाहीत? सनद परत मिळते, मान्य. पण पंचेचाळिशीत कोर्टात नव्याने उभी राहून मी घर कसं चालवू? कमावणारी मी एकटी आहे. आईचं डायलिसिस माझ्या कंपनीच्या विम्यावर चालतं.

इथे बोर्डाची मीटिंग म्हणजे ड्रायव्हर हजेरीचा कागद घेऊन डायरेक्टरांच्या घरी फिरतो, सह्या होतात, झाली मीटिंग. घरच्या कंपन्यांत अशीच रीत आहे. मालकांच्या वारलेल्या भावाची बायको, जिला आम्ही सगळे बडी अम्मा म्हणतो, तीही डायरेक्टर आहे आणि नवऱ्याचा हिस्सा आता तिच्या नावावर आहे. या खेपेला तिच्याकडे कागद पाठवलाच नाही. ठराव कंपनीची जमीन विकण्याचा आहे आणि घेणारा मालकांचा जावई. मालक म्हणतात, इतिवृत्तात लिहा, बडी अम्मा हजर होत्या आणि त्यांची संमती होती. ठरावाची प्रत खरी आहे म्हणून खाली सही माझी. मी कां कूं केलं तेव्हा ते हसून म्हणाले, "कायकू टेन्शन लेरे मॅडम? घर की बात है. नहीं जमता तो बोलो, दूसरे बहुत हैं."

आणि काल बडी अम्माचाच फोन. "मीटिंग कब है बेटा? मेरेकू भी बुलाव, इस बार मैं आके बैठती." मी म्हटलं, कळवते.

सही कुठे करायची ते सेक्रेटरी म्हणून मला कळतं, आणि त्या सहीला कायदा काय म्हणतो ते वकील म्हणून कळतं. एकच काहीतरी शिकले असते तर निदान एकदाच घाबरले असते. सही केली तर बडी अम्मा बुडते, नाही केली तर आई. मला काहीही सुचत नाही, अप्पा. खरंच सुचत नाही.

शिपाई दार वाजवून गेला, साहेब बोलावताहेत. मी अजून सही केलेली नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. हा कागद आता फाडून टाकीन. तुम्ही काय म्हणाला असता, हे लिहायला बसण्याआधीही मला माहीत होतं. म्हणून एकच सांगते, रागावू नका. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा, तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.