दादा, तुला साधा भात लावता येत नव्हता

प्रिय दादा,

तू जाऊन दोन महिने झाले. रडायचं तेवढं मी रडले. आज लिहिते आहे ती रागाने. काल ओझरला तुझ्या घरी गेले, तर शालिनीवहिनी सांगत होत्या की विजयला नाशकात कॉलेजला घातलंय, खोलीही बघितलीय, आणि रेखाला त्याच्याबरोबर पाठवायचंय. तिचं नाव तिथल्याच एखाद्या शाळेत घालू, पोराच्या जेवणाची सोय होईल.

रेखा नववीत आहे, दादा. तुझी मुलगी. वहिनींना दोष तरी कसा देऊ? ही रीत त्या तुझ्याच घरात शिकल्या.

आठवतं का, एकाहत्तर साली आपण दोघं निफाडहून नाशकात आलो? पंचवटीत एक खोली. तू कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला, मी सायन्सच्या पहिल्या. मला वाटलं होतं, नानांनी लेकीला शिकायला पाठवलंय. केवढी भोळी होते मी! पाणी भरा, स्टोव्ह पेटवा, पोळ्या लाटा. सकाळचा पहिला तास मला वर्षभरात कितीदा मिळाला असेल? तू अंथरुणात पडून विचारायचास, अजून किती वेळ. मित्रांना सांगायचास की स्वयंपाक हे काही पुरुषाचं काम नाही. एकोणीस वर्षांचा तरणाताठा गडी, आणि दूध उतू जायला लागलं की मला हाका. तेव्हा मला तुझी कीव यायची. आता किळस येते.

माझं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं, तो दिवस तू विसरला असशील. मी नाही विसरले. आदल्या दिवशीच तांदूळ निवडून ठेवले, पाणी किती घालायचं ते पेल्याने मोजून दाखवलं. दुपारी तीनला परत आले तर तांदूळ तसेच, आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलेला. उपाशी. स्टोव्ह दोन पावलांवर होता. मला अपराधी वाटावं म्हणून तू उपाशी राहून दाखवलंस ना? वाटलंही. मी तुझी माफी मागितली, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मग तू घरी पत्र टाकलंस, की खाण्याचे फार हाल होतात. चौथ्या दिवशी नाना एसटीने आले. दारातूनच म्हणाले, "तुला याचं जेवण बघायला ठेवली व्हती. आवर सामान."

लेखी पेपर आठ दिवसांवर आले होते. मी तुझ्याकडे पाहिलं. नाना तुझं कायम ऐकत. एक शब्द बोलायला तुझं काय जात होतं? तू चपला घातल्यास आणि बाहेर निघून गेलास.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. तू पदवीधर झालास, कारखान्यात साहेबाच्या टेबलाशेजारी बसलास. आणि वहिनींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन्ही लेकरं घेऊन पंधरा दिवस माझ्याकडे सिन्नरला जेवलास. आमटीत मीठ कमी आहे म्हणालास. मी ते मुकाट्याने आणून वाढलं. तेवढं माझंही चुकलं.

काल मात्र गप्प बसले नाही. रेखा कुठेही जाणार नाही, असं वहिनींना सांगितलं. त्या रडायला लागल्या, म्हणाल्या, पोरगा उपाशी राहील. मी म्हटलं, "भूक लागली की शिकेल. नाही शिकला तर कॉलेज सोडू दे. पण बहिणीच्या शाळेवर जेवायचं नाही."

विजयला माझ्याबरोबर सिन्नरला घेऊन आले. आज सकाळी त्याने पिठलं केलं. गुठळ्या झाल्या, बोट भाजलं, कांदा अर्धा कच्चाच. जेवताना त्याने विचारलं, "आत्या, बाबांना काय काय करता यायचं?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याने गुठळ्यांसकट पिठलं संपवलं. मग कुणी न सांगता उठला आणि स्वतःचं ताट धुऊन आला. मला वाटतं, त्याला तुझी लाज वाटली. वाटू दे.

तुला माफ केलं का, ते आज विचारू नकोस. एक शब्द मात्र देते. पुढच्या वर्षी रेखा दहावीला बसेल, आणि तिच्या पेपरांच्या दिवसांत ओझरच्या घरचा सगळा स्वयंपाक विजय करेल. मी शेजारी पाट टाकून बसेन आणि करून घेईन.

तुझी धाकटी बहीण,
कुसुम