कर्णधाराचं मत

पिंप्राळा, जळगाव
९ फेब्रुवारी

प्रिय कामिनीताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. चोपड्याला आबांची केळीची कापणी सुरू झाली. यंदा घड चांगले भरलेत, म्हणून स्वारी खुशीत आहे. आई चार दिवस माझ्याकडे आली आहे. काल तिने भरीत-पुरीचा बेत केला. जितेंद्रने आजूबाजूच्या घरांनाही जेवायला बोलावलं, मग वांगी पुरेनात. माझा गुडघा उत्तम आहे. भिकुमावशी कशा आहेत?

इतक्या दिवसांनी माझं अक्षर बघून तू पाकीट बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. ठेवू नकोस. आता मी फोन करते तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर माझं वाक्य संपायच्या आत "बरं, बरं" म्हणून ठेवून देतेस. जितेंद्रचे मोठे भाऊ, माझे दीर प्रेमराजभाऊ, उद्या धुळ्याला निघालेत. त्यांच्या हाती हे देतेय. तू वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं त्यांना बजावलंय.

आता बातमी. नीट क्रमाने सांगायची ठरवलीय, पण हात फार घाईत आहे.

महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाला नवा कोच नेमायचाय, हे तुला ठाऊकच आहे. आधीचे सर काम सोडून गेले, महासंघाने समिती नेमली. गेल्या महिन्यात समितीने आम्हा तिघींना दिल्लीला बोलावलं. मी कॅप्टन म्हणून, आमची गोलकीपर, आणि संघात सगळ्यांत लहान म्हणून रत्ना. तुझीच, शिरपूरची. फायनलला माझ्या जागी खेळवलीस ती.

समितीपुढे दोन नावं होती. एक परदेशी गृहस्थ, मोठमोठ्या क्लबांत राहिलेले. दुसरे आपल्याकडचेच, पुरुषांच्या संघांमुळे नावाजलेले. दोघांबद्दल आम्ही काय ते बोललो. मग अध्यक्षांनी विचारलं, "यांच्याशिवाय कुणी सुचतंय?" गोलकीपर माझ्याकडे बघायला लागली, रत्ना स्वतःच्या बुटांकडे. मी तुझं नाव घेतलं.

हो ताई, मीच घेतलं.

मला वाटलं, त्यांना तू माहीत नसशील. पण अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"राज्याच्या संघाच्या कोच असताना ज्यांनी तुम्हाला राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला बाहेर बसवलं, त्याच ना?"

"त्याच."

"तुमची तक्रार होती, असं ऐकलं."

"होती, सर. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेली नाही."

"आणि तरी त्यांचं नाव सुचवताय?"

"तो सामना आम्ही जिंकलो. देशाकडून गेले चार सामने मी पूर्ण वेळ खेळले आणि चारही आपण हरलो. गोल झाले ते बहुतेक माझ्या बाजूने. मला मैदानातून बाहेर काढायला हवं होतं. कॅप्टन आहे, जुनी आहे, म्हणून कुणाच्या तोंडून ते निघालं नाही. कामिनीताईंच्या तोंडून निघेल."

मग गोलकीपर म्हणाली, "माझंही मत कामिनी मॅडमना." रत्नाने तर शाळेतल्यासारखा हात वर केला.

बाहेर आल्यावर इतकं हलकं वाटलं, तसं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. रत्ना रस्ताभर एकच बोलत होती, "दीदी, खरंच ताई येतील?"

तुझं नाव यादीत गेलं, मुलाखतीचं बोलावणं गेलं, आणि तुझं उत्तरच नाही. शेवटी महासंघातल्या बाईंनी मला फोन केला. मी भिकुमावशींना लावला. तुझी आई काही लपवत नाही. म्हणाल्या, "ती म्हनस, पुनम कॅप्टन शे, तिले मी चालाव नही."

मला तू चालणार नाहीस, असं वाटलं होय तुला? फायनलनंतर बसमध्ये मी तुझ्याकडे पाठ करून बसले, ते खरं. राग काही खोटा नव्हता. पण त्याआधी बाकावर बसून मी अख्खा सामना बघितला होता, ताई. रत्ना ज्या झपाट्याने वळत होती, तसं मला कधीपासून वळता येत नव्हतं. तुला ते सरावात दिसलं, मला बाकावर दिसलं.

वर गुडघा उत्तम लिहिलंय ते आईसाठी. ती मागे उभी राहून वाचत होती, आता पापड वाळत घालायला गच्चीवर गेली. डावीकडून कुणी वेगात आलं की मी वळते, गुडघा मागाहून येतो. तू कोच झालीस तर तुझ्या पहिल्या यादीत मी नसेन. दिल्लीला जाताना गाडीत बसले तेव्हाही हे मला माहीत होतं. जितेंद्रला अजून बोललेली नाही. तुलाही लिहिणार नव्हते.

मुलाखत गुरुवारी आहे. माझ्यापायी थांबली असशील तर थांबू नकोस.

वाट बघतेय.

पुनम


धुळे
१० फेब्रुवारी

चि. पुनम,

आशीर्वाद. प्रेमराजभाऊ खरोखरच ओट्यावर ठाण मांडून बसले. आईने त्यांना दोनदा चहा पाजला आणि आता जेवायलाच बसवलंय. तेवढ्यात हे लिहून घेते.

तुझ्याबद्दल आई बोलली ते खरं आहे. शिवाय मला वाटलं होतं की, एक बाई बोलावली होती असं दाखवायला माझं नाव घातलं असेल. तुझं पत्र वाचल्यावर तसं वाटत नाही. आत्ताच होकार कळवला. तिथे काय बोलायचं, कुणाला कुठे खेळवायचं, मनात इतकी गर्दी झालीय की भाजीला मीठ घातलं की नाही तेही आठवत नव्हतं. हे फक्त तुला सांगतेय. महासंघाला गंभीर चेहरा दाखवीन.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगते. त्या फायनलबद्दल मी माफी मागणार नाही. तीच वेळ पुन्हा आली तर तेच करीन. आणि तू माझं नाव घेतलंस म्हणून तुझी जागा पक्की, असं होणार नाही. शिबिरात तुला इतरांसारखंच पारखीन. पुरी पडलीस तर खेळशील.

जितेंद्रला सांग. आणि गुडघा डॉक्टरांना दाखव, मला पत्रातून दाखवून काय उपयोग?

कामिनी


चोपडा
२६ एप्रिल

प्रिय ताई,

कोच म्हणून नमस्कार करावा की ताई म्हणून, या विचारात पहिलं पान फाडलं. चोपड्यात बसून लिहितेय, म्हणजे ताईच. आबा आणि आई मजेत. ऊन रणरणतंय.

तुझी नेमणूक जाहीर झाली त्या सकाळी मी मेहरूणच्या तलावाकाठी चालत होते. जितेंद्र लांबूनच हॉर्न वाजवत स्कूटरवर आला. मला वाटलं, घरी कुणाला काही झालं. त्याने नुसता फोन पुढे धरला. त्यावर तुझा फोटो. तिथल्या लोकांनी आम्हा दोघांना वेड्यात काढलं असेल. पेढे घेतले, पण घरी पोचेपर्यंत अर्धे वाटून झाले होते.

मग शिबिर. ते तुला काय सांगू. पोरी तुझ्या शिव्या खाऊन संध्याकाळी हसत जेवायला बसायच्या, असं मी आजवर पाहिलं नव्हतं. मीही जीव तोडून पळाले. शेवटच्या दिवशी तू मला मैदानाच्या कडेला नेलंस आणि म्हणालीस, "पुनम, तू यादीत नाहीस. सगळ्यांसमोर वाचायच्या आधी तुला सांगतेय." मी "बरं" म्हणाले. त्याच्यापुढचं आज लिहिते.

मला माहीत होतं, तरी लागलं. माहीत असलं म्हणजे कमी लागतं, असं काही नसतं. जळगाव स्टेशनवर जितेंद्रने नुसती बॅग घेतली. फेब्रुवारीतच मी त्याला सगळं सांगितलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "तू वेडी आहेस, पण बरोबर आहेस." चोपड्याला आले आणि आबांच्या मागोमाग केळीच्या बागेत गेले. तिथे रडले. आबा ठिबकच्या नळ्या तपासत राहिले. मी थांबले तेव्हा विचारलं, "भूक लागनी का?" आम्ही बांधावर बसून भाकरी खाल्ली.

आणि काल तुमचा पहिला सामना. आमच्या ओसरीवर अर्धी गल्ली जमली होती. आईने टीव्ही बाहेर काढून घ्यायला लावला. पूर्वार्धात आपल्या पोरी नुसत्या बचावच करत होत्या, चावून चावून माझे ओठ दुखायला लागले. मग तू डावी बाजू बदललीस. मला तेव्हाच कळलं तू काय करतेयस, मी सगळ्यांना सांगतही होते, कुणी ऐकेना. गोल झाला तेव्हा ऐकलं.

शेवटची काही मिनिटं त्यांची ती उंच पोरगी डावीकडून सुटली. नेमकी तशीच, जशा माझ्याजवळून चार सामने समोरच्या पोरी सुटत होत्या. मी डोळे मिटणार होते. रत्ना वळली, ताई. वळली, दोन ढांगांत गाठलं आणि चेंडू असा अलगद काढून घेतला, जणू तिचाच होता. मी खुर्चीवरून उठून ओरडत सुटले. गुडघा कळवळला तेव्हा समजलं की आपण उड्या मारतोय.

शेजारचे तोतारामनाना म्हणाले, "पुनम, तू तं खेळी नही राहिनी. मंग तू काबर नाची राहिनी?"

माझ्याआधी आबाच बोलले, टीव्हीवरची नजर न काढता. "कोच तिनीच आनेल शे."

मग नानांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, खेळता येईल, कसं येईल ते नंतर बघू. दया म्हणून मला बोलावू नकोस. उपयोगाची वाटले तर बोलाव. आणि रत्नाला सांग, कॉर्नरच्या वेळी ती चेंडूकडे बघताना आपल्या माणसाला विसरते. काल दोनदा वाचलो. तू पाहिलंच असशील, तरी राहवत नाही म्हणून लिहितेय.

पुढचाही सामना जिंका.

तुला निवडणारी, तू न निवडलेली, आणि दोन्हींचा आनंद असलेली
तुझी
पुनम